नॅट लायब्ररीचा एपीआय ठरवताना

आतल्या यंत्राचं पॅकेट १९२.१६८.१.१० या पत्त्यावरून निघतं, राउटरमधून बाहेर पडताना त्याला सार्वजनिक पत्ता आणि नवा पोर्ट लागतो, उत्तर आलं की उलटी अदलाबदल. यालाच नॅट, म्हणजे नेटवर्क पत्त्यांची अदलाबदल, म्हणतात. एवढं करणारा सी कोड दीडदोनशे ओळींत होतो. आमचा पहिला नमुना तसाच होता: एक हॅश टेबल, बाहेर जाणाऱ्या पॅकेटसाठी एक फंक्शन, आत येणाऱ्यासाठी एक, आणि चेकसमची, म्हणजे पॅकेट बिघडलं का ते ओळखणाऱ्या बेरजेची, दुरुस्ती. तो चाललाही. त्यानंतरचा जवळजवळ सगळा वेळ गेला तो त्या दोन फंक्शनांनी काय घ्यायचं, काय परत द्यायचं, आणि कुठली गोष्ट कोणाच्या ताब्यात ठेवायची, म्हणजेच एपीआय, हे ठरवण्यात.

डोळ्यांपुढे फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमची लिबएलियस ही नॅट लायब्ररी होती. आधी पीपीपी आणि नॅटडी या यूजरस्पेसमधल्या प्रोग्रामांसाठी वापरली गेलेली ही लायब्ररी पुढे कर्नलमधल्या आयपीएफडब्ल्यू या फायरवॉलमध्येही बसली. तिच्या जुन्या फंक्शनांची सगळी अवस्था ग्लोबल व्हेरिएबलांत होती, म्हणजे एका प्रोसेसमध्ये नॅट एकच. नंतर प्रत्येक फंक्शनला पहिला आर्ग्युमेंट म्हणून हँडल, म्हणजे त्या नॅटच्या अवस्थेचा पॉइंटर, आला आणि फंक्शनांची नावंही बदलली. हँडल पहिल्या दिवशी घेतला तर एक पॉइंटर जास्त टाइप करावा लागतो. दहा वर्षांनी घेतला तर सगळा एपीआय दोनदा लिहावा लागतो.

हेडर फाइलला आम्ही आधी हातच लावला नाही. लायब्ररी आहे असं धरून ती वापरणारे तीन प्रोग्राम लिहिले. पहिला व्हर्च्युअल टनेल इंटरफेसवरून पॅकेट वाचून पुढे लिहिणारा. दुसरा पीकॅप, म्हणजे टिपून ठेवलेल्या पॅकेटांची, फाइल वाचून चाचण्या घेणारा. तिसरा कर्नलमधल्या पॅकेटच्या वाटेवर बसणारा, जिथे मेमरी मागून थांबून राहता येत नाही आणि पॅकेट सलग बफरात नसून तुकड्यांच्या साखळीत असतं. या तिघांना एकच फंक्शन चालवायचं म्हटल्यावर बरेच निर्णय आपोआप झाले. लायब्ररी सॉकेट उघडत नाही, थ्रेड काढत नाही, मेमरी फक्त सुरुवातीला दिलेल्या दोन फंक्शन पॉइंटरांमधूनच मागते, आणि घड्याळ बघत नाही.

घड्याळाचा मुद्दा सगळ्यात उशिरा पटला. नमुन्यात टायमर भिंतीवरच्या वेळेवर चालायचे. स्वस्त राउटरमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. तो चालू झाला की बरेचदा १९७० सालात असतो, आणि नेटवर्कवरून वेळ देणाऱ्या एनटीपीचं उत्तर आलं की एका झटक्यात आजच्या तारखेला येतो. त्या क्षणी टेबलातली प्रत्येक एंट्री पन्नास वर्षं जुनी ठरते आणि पुढच्याच साफसफाईत सगळी कनेक्शनं उडतात. आता प्रत्येक कॉलमध्ये ‘आत्ता’ हा ६४ बिटांचा, मिलिसेकंदांतला, फक्त पुढेच जाणारा आकडा बाहेरून द्यावा लागतो. तो मागे गेला तर लायब्ररी वेळ थांबली असं समजते आणि एक काउंटर वाढवते. याचा खरा फायदा चाचण्यांत दिसला. आरएफसी ५३८२ प्रमाणे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) जुळलेलं टीसीपी कनेक्शन निष्क्रिय राहिलं तरी किमान २ तास ४ मिनिटं, म्हणजे ७,४४० सेकंद, टिकवायचं असतं. ही चाचणी खऱ्या घड्याळावर कोणीही रोज चालवणार नाही. बाहेरून आकडा देऊन ती डोळ्याचं पातं लवायच्या आत होते.

पुढचा घोळ बाइट ऑर्डरचा, म्हणजे आकड्याचा कुठला बाइट आधी याचा. लिबएलियसमध्ये पोर्ट रीडायरेक्ट करणारं फंक्शन हँडल सोडून सात आर्ग्युमेंटं घेतं: तीन पत्ते, तीन पोर्ट, एक प्रोटोकॉल. तिन्ही पत्त्यांचा प्रकार एक, तिन्ही पोर्टांचा प्रकार एक. दोन पोर्टांची अदलाबदल झाली तरी कंपायलर हूं की चूं करत नाही. त्यात पोर्ट नेटवर्क बाइट ऑर्डरमध्ये द्यायचे. ८० हा पोर्ट हेक्समध्ये ००५०. बाइट उलटे करायचे राहिले की तो ५००० होतो, म्हणजे २०४८०. प्रोग्राम चालतो, रीडायरेक्ट ‘यशस्वी’ होतो, फक्त वेबसर्व्हरपर्यंत काहीच पोचत नाही. गंमत म्हणजे २५७ सारखा, दोन्ही बाइट सारखे असलेला पोर्ट चाचणीला घेतला तर चूक सापडतच नाही. आम्ही पोर्टसाठी एकच फील्ड असलेला वेगळा स्ट्रक्ट केला. साधा आकडा थेट दिला की कंपाइल होत नाही, होस्ट ऑर्डरमधला आकडा त्या स्ट्रक्टात घालणारं एक छोटं फंक्शन वापरावं लागतं. रीडायरेक्टची सात आर्ग्युमेंटं जाऊन नावं असलेल्या फील्डांचा एक स्ट्रक्ट आला. टायपिंग वाढलं अशी कुरकुर झाली. पण वाचणाऱ्याला आता ‘बाहेरचा पोर्ट’ कुठला हे दिसतं.

मग परत काय द्यायचं? जुन्या पद्धतीत ठीक, दुर्लक्षित, त्रुटी, अर्धवट तुकडा असे कोड एकाच पूर्णांकात येतात. वापरणारा घाईत ‘ठीक नसेल तर फेकून द्या’ असं लिहितो, आणि ज्या पॅकेटला नॅटनं हातच लावायचा नव्हता, ते फेकलं जातं. किंवा उलट: शून्यापेक्षा लहान आहे का एवढंच बघतो आणि नाकारलेलं पॅकेट पुढे सोडतो. दोष वापरणाऱ्याचा म्हणून सोडून देता येतो, पण दहापैकी सात जण तीच चूक करणार असतील तर फंक्शन नीट झालेलं नाही. आम्ही निकाल आणि कारण वेगळे केले. निकाल म्हणजे पॅकेटचं आता काय करायचं: बाहेर पाठव, आत पाठव, फेक, किंवा ‘मी ठेवून घेतलंय, तू विसर’. कारण वेगळ्या फील्डात: मॅपिंग नाही, पोर्ट संपले, हेडर तुटकं, फिल्टरनं अडवलं. कारणं वाढत गेली तरी निकाल चारच राहतात, त्यामुळे वापरणाऱ्याचा स्विच तुटत नाही.

‘आत पाठव’ हा निकाल बाहेर जाणाऱ्या फंक्शनकडूनही येऊ शकतो, आणि इथे बरेच जण अडखळतात. समजा २०३.०.११३.५ हा सार्वजनिक पत्ता, त्याचा ८०८० पोर्ट आतल्या १९२.१६८.१.२० च्या ८० वर वळवलेला. आता आतलंच १९२.१६८.१.१० हे यंत्र २०३.०.११३.५ च्या ८०८० ला कनेक्ट करतं. नुसता डेस्टिनेशन बदलून पॅकेट सर्व्हरला दिलं, तर सर्व्हरला समोर १९२.१६८.१.१० दिसतं. दोघे एकाच लॅनवर, म्हणून तो राउटरला वळसा घालून थेट उत्तर देतो. क्लायंटला १९२.१६८.१.२० कडून कनेक्शन मान्य करणारं सिन-ॲक येतं. त्यानं तर २०३.०.११३.५ ला हाक मारली होती. तो रीसेट पाठवतो आणि विषय संपतो. म्हणून सोर्सही बाहेरच्या पत्त्या-पोर्टाचा करावा लागतो. आरएफसी ४७८७ हेच सांगतो. हे दोन टप्पे वापरणाऱ्यानं करायचे ठरवलं असतं तर निम्म्यांनी केलेच नसते. ते फंक्शनच्या पोटात गेले.

चाचणीवाल्या प्रोग्रामला बफर साधा होता, खरा त्रास फाइली पाठवायच्या एफटीपीनं दिला. ॲक्टिव्ह एफटीपीत क्लायंट आपला पत्ता मजकुरात लिहून पाठवतो: ‘पोर्ट १९२,१६८,१,१०,२००,२१’. शेवटचे दोन आकडे म्हणजे २०० गुणिले २५६ अधिक २१, पोर्ट ५१२२१. नॅटनं बाहेर ४०००० दिला तर ओळ होते ‘पोर्ट २०३,०,११३,५,१५६,६४’. मोजून पाहा, एक अक्षर कमी झालं. आता या कनेक्शनवर क्लायंटकडून पुढे येणाऱ्या प्रत्येक सेगमेंटचा सीक्वेन्स नंबर एकनं कमी करायचा, आणि सर्व्हरच्या प्रत्येक ॲकमध्ये (पोचपावतीत) एक मिळवायचा, कनेक्शन बंद होईपर्यंत. हीच ओळ पुन्हा पाठवली गेली तर फरक दुसऱ्यांदा मोजायचा नाही, म्हणून तो कुठल्या सीक्वेन्स नंबरपासून लागू आहे हेही लक्षात ठेवावं लागतं.

लांबी वाढलीच तर किती? १०,०,०,२ हे ८ अक्षरांचं, सार्वजनिक पत्ता जास्तीत जास्त १५ अक्षरांचा. पोर्टाचे आकडे ३ अक्षरांवरून ७ वर जाऊ शकतात. म्हणजे ११ बाइट. त्यामुळे फंक्शनला पॅकेटच्या लांबीबरोबर बफरची कमाल क्षमताही द्यावी लागते, आणि लिबएलियसनं हे आर्ग्युमेंट अगदी बरोबर ठेवलं आहे. वापरणारे मात्र तिथे पॅकेटचीच लांबी देतात. आमच्या फंक्शनात क्षमता लांबीएवढीच दिली आणि ओळ वाढणार असली, तर पॅकेट न बदलता ‘जागा नाही’ या कारणासह फेकलं जातं. अर्धवट बदललेलं पॅकेट कधीच बाहेर पडत नाही. मजकुरात हात घालणारे असले मदतनीस डीफॉल्टनं बंद ठेवले. कोणाला हवा असेल त्यानं हाक मारून चालू करावा. इंटरनेट फोनच्या एसआयपीचा मदतनीस लिहिलाच नाही, त्याच्या वाटेला जाऊन सुखी झालेला माणूस अजून भेटायचा आहे.

टेबलाचा आकार हाही एपीआयचाच भाग निघाला. नमुन्यात पाच गोष्टींची एक एंट्री होती: प्रोटोकॉल, दोन पत्ते, दोन पोर्ट. त्यात आतल्या एकाच सॉकेटनं दोन वेगवेगळ्या सर्व्हरांना यूडीपी पाठवलं की बाहेर दोन वेगळे पोर्ट दिसायचे. स्टन सर्व्हरला विचारून आपला बाहेरचा पोर्ट मित्राला कळवणारे व्हिडिओ कॉल आणि खेळ इथेच मरतात, कारण कळवलेला पोर्ट त्या मित्रासाठी खरा नसतो. आरएफसी ४७८७ची पहिलीच अट म्हणजे मॅपिंग समोरच्यावर अवलंबून नको. म्हणून दोन थर केले. मॅपिंग म्हणजे प्रोटोकॉल, आतला पत्ता-पोर्ट, बाहेरचा पत्ता-पोर्ट. सेशन म्हणजे एका मॅपिंगखाली एक समोरचा. कोण आत येऊ शकतो हे वेगळं फिल्टर धोरण ठरवतं. एपीआयमध्येही दोन्हींच्या याद्या वेगळ्या मिळतात. मॅपिंग काढलं की त्याखालची सेशनं जातात, सेशन काढल्यानं मॅपिंग जात नाही.

तुकडे झालेल्या पॅकेटांबद्दल लिबएलियसची पद्धत अशी: पहिला तुकडा यायच्या आधीच दुसरा आला, तर वापरणाऱ्यानं तो स्वतः मेमरी घेऊन साठवायचा, पॉइंटर लायब्ररीला द्यायचा, पहिला तुकडा आला की परत मागायचा. पोर्ट पहिल्याच तुकड्यात असतात, बाकीच्यांत फक्त आयपीचा आयडी, म्हणून हे सगळं. कागदावर सुटसुटीत दिसतं. पण हा कोड लिहायचा कंटाळा सगळ्यांना येतो, आणि लिहिला नाही तरी रोजच्या वापरात काही बिघडत नाही. मोठं डीएनएस उत्तर उलट्या क्रमानं आलं की मग कळतं. आम्ही साठवण आत घेतली, पण कॉपी करून, कारण निकाल ‘ठेवून घेतलंय’ असला तरी बफर वापरणाऱ्याचाच राहतो. साठवणीला एकूण बाइटांची आणि प्रत्येक सोर्सला तुकड्यांची मर्यादा सुरुवातीलाच द्यावी लागते. शून्य दिलं तर साठवण बंद. मर्यादा नसती तर बाहेरचा कोणीही नुसते दुसरे तुकडे पाठवून मेमरी संपवू शकला असता.

नेटवर्कमधली अडचण कळवणाऱ्या आयसीएमपीच्या त्रुटीत मूळ पॅकेटचा सुरुवातीचा भाग असतो, आणि तोही आतल्या पत्त्याला जुळेल असा बदलावा लागतो. बाहेरचं आयपी हेडर, आयसीएमपी, आतलं आयपी हेडर अशा तीन चेकसमा दुरुस्त करायच्या. आत टीसीपीचे फक्त पहिले ८ बाइट असू शकतात, तेव्हा टीसीपीची चेकसम तिथे नसतेच. ती आहे असं धरून लिहिलं की बफरच्या बाहेर लिखाण होतं. हे नीट केलं नाही तर ‘पॅकेट फार मोठं’ हा निरोप आतल्या यंत्राला पोचत नाही, आणि लहान पानं उघडतात पण मोठी फाइल अडकते, अशी तक्रार येते. वापरणाऱ्याला यासाठी वेगळं फंक्शन नाही. हाच मुद्दाम घेतलेला निर्णय.

चेकसम पुन्हा पूर्ण मोजायची नाही, फरकानं दुरुस्त करायची. सूत्र आरएफसी १६२४ चं. त्याआधीच्या ११४१ मधलं सूत्र एका टोकाला चुकतं. १६२४ मधलंच उदाहरण घ्या: जुनी चेकसम डीडी२एफ, जुना शब्द ५५५५, नवा ३२८५. बरोबर उत्तर ००००, जुन्या सूत्रानं एफएफएफएफ येतं. यूडीपीत आणखी एक पेच. तिथे ०००० चा अर्थ ‘चेकसम मोजलेलीच नाही’ असा, म्हणून आलेलं शून्य एफएफएफएफ करून लिहायचं, पण मुळातच शून्य असेल तर त्याला हात लावायचा नाही. हे आतलं काम झालं. एपीआयला भिडतं ते ऑफलोड. नेटवर्क कार्ड चेकसम भरणार असेल तेव्हा त्या जागी अजून फक्त स्यूडो हेडरची (पत्ते, प्रोटोकॉल, लांबी) बेरीज असते, तीही उलटवलेली नसलेली. नेहमीची दुरुस्ती तिथे लावली की प्रत्येक पॅकेट खराब. टीएसओ, म्हणजे मोठ्या टीसीपी पॅकेटचे तुकडे कार्डानंच करायची सोय, चालू असताना लिबएलियसवर उभं असलेलं आयपीएफडब्ल्यूचं नॅट चालत नाही, हे त्याच्या मॅन्युअलातच लिहिलं आहे. आमच्याकडे पॅकेटच्या स्ट्रक्टमध्ये ‘चेकसम अर्धवट’ असा एक ध्वज आहे. चाचणीवाल्या प्रोग्रामला तो कधी लागला नाही. कर्नलवाला तिसरा प्रोग्राम आधी लिहिला नसता तर तो ध्वज सुचलाच नसता.

लॉगसाठी सुरुवातीला कॉलबॅक होता: मॅपिंग तयार झालं, मॅपिंग गेलं. वापरणाऱ्या एकानं ‘गेलं’च्या कॉलबॅकमध्ये त्याच यंत्राची बाकीची मॅपिंगं काढायला घेतली. आमची साफसफाई त्याच यादीवर चालत होती, पुढचा पॉइंटर मोकळ्या केलेल्या मेमरीत गेला. ‘कॉलबॅकमध्ये हे करू नका’ असं मॅन्युअलात लिहून असले दोष थांबत नाहीत. कॉलबॅक काढला, घटनांची ठरावीक आकाराची रांग आली. वापरणारा सवडीनं ती रिकामी करतो. रांग भरली तर जुन्या घटना तशाच राहतात, नवीन गळतात आणि किती गळल्या तो आकडा मिळतो. अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवणाऱ्या सेवादात्याला, कुठल्या वेळी कुठला पोर्ट कोणाकडे होता हे सांगता यावं लागतं, आणि प्रत्येक सेशनची ओळ लिहिली तर डिस्क पुरत नाही. म्हणून ग्राहकाला पोर्टांचा गठ्ठाच द्यायची सोय ठेवली. १०२४ पासूनचे ६४,५१२ पोर्ट, प्रत्येकी १,००८ चा गठ्ठा, म्हणजे एका पत्त्यावर ६४ ग्राहक, आणि लॉग फक्त गठ्ठा दिला-घेतला एवढाच.

साफसफाईचं नॅट_टिक हे फंक्शन वेळेबरोबर ‘जास्तीत जास्त किती एंट्र्या’ हा आकडाही घेतं आणि पुढची मुदत कधी संपते ते परत देतं. मर्यादा नसताना लाखभर एंट्र्यांची मुदत एकदम संपली की तेवढा वेळ पॅकेटं थांबून राहायची.

एक हँडल एकाच थ्रेडनं वापरायचा, आत कुलपं नाहीत. पण म्हणून ‘प्रत्येक कोअरला एक हँडल द्या’ एवढं सांगून भागत नाही. बाहेर जाणाऱ्या पॅकेटचा हॅश आतल्या पत्त्यावरून निघतो, उत्तराचा बाहेरच्या पत्त्यावरून, आणि उत्तर भलत्याच कोअरवर जातं. उपाय पोर्टांच्या वाटणीत होता. ८ कोअर असतील तर पोर्टाचे वरचे ३ बिट कोअरचा नंबर, प्रत्येकाच्या वाट्याला ८,१९२ पोर्ट. पहिल्या कोअरचे १,०२४ राखीव गेल्यामुळे त्याला ७,१६८. बाहेर जाणारी पॅकेटं फक्त आतल्या सोर्स पत्त्यावरून वाटायची, पोर्ट धरायचा नाही, नाहीतर एकाच यंत्राची मॅपिंगं दोन कोअरांवर पसरतात. म्हणून हँडल तयार करताना पोर्टांची सुरुवात आणि शेवट द्यावे लागतात.

सेटिंगांचा स्ट्रक्ट शेवटी पक्का झाला. पहिलं फील्ड त्या स्ट्रक्टचा आकार: जुन्या हेडरवर कंपाइल झालेला प्रोग्राम नव्या लायब्ररीवर चालला, तर न दिलेली फील्डं डीफॉल्ट धरली जातात. टायमरांच्या नावांतच एकक आहे, ‘यूडीपी_सेकंद’ असं. मुळात तिथे नुसतं ‘यूडीपी_टाइमआउट’ होतं, आणि ते मिलिसेकंद समजून कोणीतरी ३,००,००० भरलं, म्हणजे साडेतीन दिवसांच्या आसपास. यूडीपीला डीफॉल्ट ३०० सेकंद, किमान १२०. त्यापेक्षा कमी फक्त समोरचा पोर्ट १०२४ च्या खाली असेल तर, कारण डीएनएसच्या एका प्रश्नासाठी दोन मिनिटं पोर्ट अडवून ठेवण्यात अर्थ नाही. नियमात न बसणारा आकडा लायब्ररी गुपचूप सुधारत नाही. हँडल तयार होतच नाही, आणि कुठलं फील्ड नापास झालं त्याचं नाव परत मिळतं.